संथ संगणकाला पेनड्राइव्हची मदत: रेडीबूस्ट कसं लावायचं, कोणत्या क्रमाने लावायचं

पेनड्राइव्ह लावला, विंडोजमधला रेडीबूस्टचा (पेनड्राइव्हच्या मदतीने संगणकाला वेग देणारा) पर्याय निवडला, ओके दाबलं, आणि संगणक होता तसाच रखडतोय. ही तक्रार करणाऱ्यांचं पर्याय निवडताना सहसा काही चुकलेलं नसतं. चूक त्याच्या आधीची असते. या संगणकाला हा उपाय लागू पडतो का, हे पाहिलेलं नसतं. हाताशी असलेला जुना, अर्धा भरलेला पेनड्राइव्ह लावलेला असतो. नाहीतर दहा मिनिटांत निकाल लावून मोकळं झालेलं असतं. म्हणून या लेखात पर्याय निवडण्याचं काम सातव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचे सहा टप्पे गाळू नका.

सुरुवातीला एवढं लक्षात घ्या

रेडीबूस्टमुळे पेनड्राइव्हची रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती, वेगवान मेमरी) होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा आकडा आधी जेवढा होता तेवढाच राहतो, आणि तो वाढलेला दिसत नाही म्हणून काहीतरी बिघडलं असं समजू नका. विंडोज एवढंच करतं: हार्ड डिस्कवरचे जे लहान लहान तुकडे वारंवार लागतात, त्यांची एक जादा प्रत पेनड्राइव्हवर ठेवतं आणि पुढच्या वेळी तो तुकडा तिथून उचलतं.

हे फायद्याचं का ठरतं, ते आकड्यांतून चटकन कळेल. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. एका तुकड्याला असे १२-१३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम ८० तुकडे वाचून होतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा असेल तर एका सेकंदात हाती येतात फक्त ३०० केबीच्या आसपास. लॅपटॉपमधली ५,४०० फेऱ्यांची डिस्क याहून मागे असते.

पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं. रेडीबूस्टसाठी विंडोज ड्राइव्हची जी चाचणी घेतं, तिची किमान अट आहे ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनात सेकंदाला २.५ एमबी. म्हणजे सुमारे ६४० तुकडे, हार्ड डिस्कच्या आठपट.

हेच गणित फायद्याची हद्दही सांगतं. मोठी फाइल सलग वाचायची असेल, तर हार्ड डिस्क साध्या पेनड्राइव्हला सहज मागे टाकते, आणि विंडोज अशा वेळी डिस्कवरूनच वाचतं. त्यामुळे चित्रपट कॉपी होण्याचा वेग, खेळातल्या चित्रांचा वेग, व्हिडिओ तयार व्हायला लागणारा वेळ, यांत काही फरक पडणार नाही. फरक पडलाच तर प्रोग्रॅम उघडताना आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना पडेल.

टप्पा १: हा उपाय तुमच्यासाठी आहे का?

तीन गोष्टी पाहायच्या आहेत. तिन्हींची उत्तरं जुळली तरच पुढे जा.

१. मुख्य डिस्क कोणती आहे. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर टिचकी मारा. तिथे एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) की एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) ते लिहिलेलं असतं. जुन्या आवृत्तीत ते दिसलं नाही, तर स्टार्टच्या शोधपेटीत डीफ्रॅगमेंट असं टाका. विंडोज ८ पासून पुढे डिस्कच्या डागडुजीच्या त्या खिडकीत प्रत्येक ड्राइव्हचा प्रकार येतो. विंडोज ७ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्कचा मॉडेल क्रमांक घेऊन प्रकार शोधावा लागतो.

विंडोज ज्या डिस्कवर आहे ती एसएसडी असेल, तर इथेच थांबा. संगणक पुरेसा वेगवान असल्यामुळे रेडीबूस्टचा जादा फायदा होणार नाही, अशा अर्थाचा संदेश विंडोज स्वतःच दाखवतं. तो संदेश म्हणजे बिघाड नव्हे. एसएसडी पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी वेगवान असते आणि तिच्यासमोर पेनड्राइव्ह लावणं निरर्थक आहे.

२. रॅम किती आहे. १ ते ४ जीबी असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. ८ जीबी असेल आणि वापर साधा असेल, तर विंडोज हे तुकडे रॅममध्येच ठेवतं. पेनड्राइव्हला मग कामच उरत नाही.

३. विंडोजची आवृत्ती कोणती. ही सोय व्हिस्टापासून आहे आणि ७, ८ व १० मध्ये मिळते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत रेडीबूस्टचा टॅब दिसत नाही. तो नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) खोदकाम करून परत आणायच्या फंदात पडू नका.

सावध: विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा सुरक्षा आधार मिळणं बंद झालं आहे. वेग थोडा सुधारला म्हणून असा संगणक बँकेच्या व्यवहारांना सुरक्षित होत नाही.

टप्पा २: संथपणाचं कारण शोधा

सगळ्यांत जास्त गाळला जातो तो हा टप्पा, आणि सगळा निकाल त्याच्यावरच अवलंबून असतो. संगणक सीपीयू (मुख्य प्रोसेसर) तापल्यामुळे, विषाणूमुळे किंवा मरायला टेकलेल्या डिस्कमुळे रखडत असेल, तर पेनड्राइव्ह काहीच करू शकत नाही.

संगणक नेहमीप्रमाणे वापरात असताना आणि तो रखडत असतानाच स्टार्टच्या शोधपेटीत रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा. हे साधन विंडोज ७ पासून आहे. त्यातल्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स पर सेकंद नावाचा रकाना असतो. नावात फॉल्ट असला तरी तो बिघाडाचा आकडा नव्हे. प्रोग्रॅमला हवा असलेला भाग रॅममध्ये नव्हता आणि डिस्कवरून आणावा लागला, असं सेकंदाला किती वेळा झालं, ते हा आकडा सांगतो.

आता तीन चित्रांपैकी तुमचं कोणतं ते ठरवा.

हार्ड फॉल्ट्सचा आकडा सारखा शेकड्यांत उसळतोय, रॅम जवळजवळ भरली आहे आणि डिस्कचा वापर शंभर टक्क्यांना चिकटला आहे: रेडीबूस्ट ज्या दुखण्यासाठी आहे ते हेच.

डिस्क आणि रॅम निवांत आहेत, पण सीपीयू शंभर टक्क्यांवर आहे: प्रोसेसेस टॅबमध्ये कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते पाहा आणि त्याचा बंदोबस्त करा. इथे पेनड्राइव्हचा संबंध नाही.

डिस्क शंभर टक्क्यांवर आहे, पण वाचन-लेखनाचा वेग नगण्य आहे, मधूनच सगळं गोठतं, डिस्कमधून टिकटिक असा आवाज येतो: डिस्क खराब होत असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढा. अशा डिस्कवर वेगाचे प्रयोग करत बसलात तर फाइल्स हातच्या जातील.

कारण पहिल्या प्रकारचं निघालं, तरी आधी दोन फुकटचे उपाय करून घ्या. संगणक सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद करा. विंडोज ८ आणि १० मध्ये ते टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये असतात, विंडोज ७ मध्ये एमएसकॉन्फिगमध्ये. दुसरं म्हणजे सी ड्राइव्हवर दहा-पंधरा टक्के तरी जागा मोकळी करा. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं.

टप्पा ३: आताची वेळ लिहून ठेवा

फरक पडल्यासारखं वाटतंय, यावर विसंबू नका. नवीन काही लावलं की दोन दिवस सगळंच वेगवान वाटतं.

रोजच्या वापरातली तीन कामं निवडा. पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप हाताळता येईपर्यंतचा वेळ, ब्राउझर उघडून पहिलं पान दिसेपर्यंतचा वेळ, आणि तुमच्या नेहमीच्या जड प्रोग्रॅमचा उघडण्याचा वेळ. मोबाइलमधल्या स्टॉपवॉचने प्रत्येक काम तीनदा मोजा आणि मधला आकडा कागदावर लिहा.

मोजताना दोन नियम पाळा. प्रत्येक मोजणीआधी संगणक रीस्टार्ट करा, कारण एकदा उघडलेला प्रोग्रॅम रॅममध्ये उरलेला असतो आणि दुसऱ्यांदा आपसूकच लवकर उघडतो. आणि रीस्टार्टच करा, शटडाउन करून पुन्हा चालू करू नका. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय चालू असेल, तर शटडाउनच्या वेळी प्रणालीचा काही भाग डिस्कवर साठवला जातो आणि पुढची सुरुवात त्यावरून होते. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही. एक मोजणी अशी आणि दुसरी तशी घेतली, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

टप्पा ४: ड्राइव्ह निवडा

पेनड्राइव्हच्या वेष्टनावरचा मोठा आकडा सलग वाचनाच्या वेगाचा असतो. आपल्याला हवा विखुरलेल्या लहान वाचनांचा वेग, आणि तो वेष्टनावर बहुधा नसतो. म्हणून माहितीतल्या, भरवशाच्या कंपनीचा यूएसबी ३.० ड्राइव्ह घ्या. संगणकाला यूएसबी २.० चंच पोर्ट असेल तरी चालतं. लहान वाचनांत पोर्टचा वेग फारसा आड येत नाही, ड्राइव्हची स्वतःची चपळाई महत्त्वाची असते.

किती जागेचा? मायक्रोसॉफ्टची शिफारस अशी, की कॅश (तुकड्यांच्या प्रतींसाठी पेनड्राइव्हवर राखलेली जागा) निदान रॅमएवढी असावी आणि रॅमच्या अडीचपटीपर्यंत असली तर उत्तम. २ जीबी रॅमला २ ते ५ जीबी, ४ जीबी रॅमला ४ ते १० जीबी. म्हणजे १६ जीबीचा ड्राइव्ह या कामाला भरपूर झाला. ६४ जीबीचा लावला म्हणून चौपट वेग येत नाही. एवढ्या कॅशमध्ये भरण्यासारखं काही तुमच्या रोजच्या वापरात नसतं.

लॅपटॉपला एसडी कार्डचा खाचा असेल तर कार्डाचा विचार जरूर करा. पेनड्राइव्ह बाहेर डोकावत राहतो, त्याला धक्का लागतो, पोर्ट सैल होतं. कार्ड आत जाऊन बसतं. काही लॅपटॉपांतले कार्ड-रीडर मात्र मुळातच मंद असतात. चाचणीत कार्ड नापास झालं तर ते टाकाऊ समजू नका, आधी तेच कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालून पाहा.

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क यासाठी वापरू नका. तिच्यातही फिरणारी तबकडीच असते. बाहेरची एसएसडी हाताशी असेल, तर ती संगणकाच्या आत बसवून विंडोज तिच्यावर नेता येतं का ते पाहा. तो फायदा वेगळ्याच पातळीवरचा आहे.

सावध: खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. आत ८ जीबीच असतात, पण संगणकाला ६४ जीबी सांगितले जातात. खरी जागा संपली की पुढचा डेटा आधीच्या डेटावर लिहिला जातो किंवा गायबच होतो. नवा ड्राइव्ह एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने काठोकाठ भरून तपासून घ्या. तपासणीत एक जरी चूक निघाली, तरी तो ड्राइव्ह कशालाच वापरू नका.

टप्पा ५: ड्राइव्ह रिकामा करून फॉरमॅट करा

ड्राइव्हवर जे काही असेल त्याची प्रत दुसरीकडे काढा. ती प्रत उघडते का ते दोन-चार फाइल्स उघडून पाहा. मगच पुढे जा.

१. धिस पीसी उघडा. विंडोज ७ मध्ये त्याचं नाव कॉम्प्युटर आहे.
२. पेनड्राइव्हचं अक्षर आणि त्याची क्षमता, दोन्ही पाहून हाच तो ड्राइव्ह अशी खात्री करा.
३. त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा.
४. फाइल सिस्टिममध्ये (ड्राइव्हवर फाइल्स मांडण्याच्या पद्धतीत) एनटीएफएस किंवा एक्सफॅट निवडा. फॅट३२ निवडू नका.
५. अलोकेशन युनिट साइझ जो आपोआप आला असेल तोच ठेवा.
६. क्विक फॉरमॅटची खूण राहू द्या आणि स्टार्ट दाबा.

फॅट३२ का नको? तिच्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे आणि रेडीबूस्टची कॅश म्हणजे एकच मोठी फाइल असते. त्यामुळे १६ जीबीच्या ड्राइव्हवरही सरकपट्टी ४ जीबीला अडते, आणि माणूस ड्राइव्हलाच दोष देत बसतो. विंडोज ७ पासून एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर एका ड्राइव्हमागे ३२ जीबीपर्यंत कॅश ठेवता येते. ३२ जीबी आणि त्याहून लहान पेनड्राइव्ह कारखान्यातून बहुधा फॅट३२ मध्येच येतात, म्हणून ड्राइव्ह कोरा असला तरी हा टप्पा करायचाच.

तपासा: ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइल सिस्टिमसमोर तुम्ही निवडलेलं नाव आहे आणि वापरलेली जागा जवळजवळ शून्य आहे, एवढं दिसलं की पुढे चला.

टप्पा ६: पोर्ट आणि सेवा

ड्राइव्ह थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावा, हबमध्ये (एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या जोडणीत) नको. हबवर माउस, कीबोर्ड, वेबकॅम अशी गर्दी असते आणि उत्तर यायला वेळ लागतो. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचं पोर्ट निवडा. ती पोर्टं सरळ मदरबोर्डवर असतात, आणि मागे लावलेला ड्राइव्ह कोणी चुकून उपटतही नाही.

आता स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधून उघडा आणि यादीत सिसमेन शोधा. विंडोज १० च्या २०१८ पूर्वीच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ७-८ मध्ये याच सेवेचं नाव सुपरफेच आहे. तिच्यावर दोनदा टिचकी मारा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा, सेवा थांबलेली असेल तर स्टार्ट दाबा.

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, आणि नेमकी इथेच गाडी अडते. डिस्क शंभर टक्क्यांवर गेली की सिसमेन बंद करा, असा सल्ला सगळीकडे फिरत असतो आणि लोकांनी तो कधीतरी अमलात आणलेला असतो. पण कोणता प्रोग्रॅम तुम्ही केव्हा वापरता याचा हिशेब ठेवून कोणते तुकडे हाताशी ठेवायचे, हे ठरवणारी सेवा तीच. ती बंद ठेवून रेडीबूस्ट चालण्याची अपेक्षा करता येत नाही. दोनपैकी एकच सल्ला पाळता येईल.

टप्पा ७: रेडीबूस्ट सुरू करा

१. चालू असलेले सगळे प्रोग्रॅम बंद करा. विंडोज आता ड्राइव्हची चाचणी घेईल, त्या वेळी दुसरं काही चालू नसावं.
२. धिस पीसीमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा.
३. रेडीबूस्ट टॅबवर जा. चाचणीला काही क्षण लागू शकतात.
४. तीन पर्याय दिसतील. पहिला, हे उपकरण वापरू नका. दुसरा डेडिकेट धिस डिव्हाइस टू रेडीबूस्ट, म्हणजे संपूर्ण ड्राइव्ह याच कामाला. तिसरा यूज धिस डिव्हाइस, म्हणजे किती जागा द्यायची ते सरकपट्टीने तुम्ही ठरवायचं.
५. ड्राइव्ह १६ जीबीपर्यंतचा असेल तर दुसरा पर्याय घ्या. मोठा असेल तर तिसरा घेऊन टप्पा ४ मधल्या हिशेबाने जागा ठरवा.
६. अप्लाय दाबा. कॅशची फाइल तयार होईपर्यंत थांबा आणि मग ओके करा.

तिसरा पर्याय घेतला की उरलेल्या जागेत फाइल्स ठेवता येतात. ठेवू नका. तुम्ही त्या ड्राइव्हवर गाणी कॉपी करत असाल, तेव्हा विंडोजला हवा असलेला तुकडा रांगेत उभा राहतो, आणि ज्या चपळाईसाठी एवढा खटाटोप केला तीच जाते. शिवाय ज्या ड्राइव्हवर फाइल्स असतात तो कधी ना कधी दुसऱ्या संगणकाला लावायला काढला जातो.

सावध: संगणक वेगवान करतो म्हणवणारे निरनिराळे प्रोग्रॅम याच वेळी डाउनलोड करू नका. रेडीबूस्ट विंडोजच्या आतच आहे, त्याला बाहेरचं काही लागत नाही. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज तिथला मजकूर जिच्यात ठेवतं ती डिस्कवरची फाइल) पेनड्राइव्हवर हलवण्याचा सल्लाही मानू नका. पेजफाइलमधल्या मजकुराची दुसरी प्रत कुठेच नसते, त्यामुळे ड्राइव्ह निघाला की चालू काम आणि विंडोज दोन्ही कोसळू शकतात. रेडीबूस्टमध्ये तो धोका नाही. पेनड्राइव्हवर जे असतं ते सगळं हार्ड डिस्कवरही असतंच.

टप्पा ८: खरंच चालू आहे का?

पेनड्राइव्ह उघडा. आत रेडीबूस्ट नावाची आणि एसएफकॅश हे एक्स्टेन्शन असलेली एक फाइल दिसली पाहिजे. तिचा आकार तुम्ही दिलेल्या जागेएवढा असतो. ही फाइल उघडायचा, हलवायचा किंवा तिचं नाव बदलायचा प्रयत्न करू नका. आतला मजकूर एईएस-१२८ या सांकेतिक लेखनाच्या पद्धतीने कुलूपबंद असतो. ड्राइव्ह हरवला तरी तुमच्या फाइल्सचे तुकडे दुसऱ्याला वाचता येत नाहीत.

फाइल दिसली म्हणजे जागा राखली गेली, एवढंच सिद्ध झालं. कॅशचा वापर होतोय की नाही हे पाहायला परफॉर्मन्स मॉनिटर उघडा, हिरव्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा आणि यादीतून रेडीबूस्ट कॅश हा गट शोधा. त्यातले दोन काउंटर जोडा: बाइट्स कॅश्ड आणि कॅश रीड्स पर सेकंद. पहिला आकडा दिवसागणिक वाढत गेला पाहिजे. दुसरा, तुम्ही एखादा प्रोग्रॅम उघडता त्या क्षणी शून्यावरून उसळला पाहिजे. प्रोग्रॅम उघडतानाही तो शून्यालाच खिळून राहिला, तर कॅश अजून भरलेली नाही किंवा सिसमेन बंद आहे.

बाइट्स कॅश्डचा आकडा फाइलच्या आकाराहून मोठा दिसला तर गोंधळू नका. तुकडे आवळून ठेवले जातात, म्हणून दिलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर मावतो.

टप्पा ९: थांबा आणि पुन्हा मोजा

पहिल्या दिवशी फरक दिसत नाही. कॅश रिकामी असते आणि तुमच्या वापरातूनच भरत जाते. आठवडाभर संगणक रोजच्यासारखा वापरा आणि ड्राइव्ह अजिबात काढू नका. मग टप्पा ३ मधली तीच तीन कामं, तेच नियम पाळून, पुन्हा तीनदा मोजा आणि कागदावरच्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

ब्राउझर किंवा जड प्रोग्रॅम उघडायला आधीपेक्षा ठळकपणे कमी वेळ लागत असेल, तर ड्राइव्ह तिथेच राहू द्या. आकडे जवळजवळ सारखेच असतील, तर ड्राइव्ह बदलून, पोर्ट बदलून खेळ लांबवण्यात मला अर्थ वाटत नाही. मग रॅम वाढवता येते का ते पाहा. त्यासाठी विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, हे सिस्टिमच्या प्रॉपर्टीजमध्ये आधी तपासा. ३२ बिटचं साधं विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं शक्य असेल, तर तोच खर्च आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

अडलं तर

*टॅबच दिसत नाही.* सिसमेन चालू आहे ना ते पाहा. चालू असूनही टॅब नसेल, तर विंडोजची आवृत्ती तपासा. कार्यालयातला संगणक असेल तर प्रशासकाने बाहेरचे ड्राइव्ह बंद केलेले असू शकतात. त्याला वळसा घालू नका, प्रशासकाला विचारा.

*ड्राइव्हमध्ये आवश्यक ती कार्यक्षमता नाही, असा संदेश येतो.* ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावा, बाकी सगळं बंद करा आणि टॅबमध्ये टेस्ट अगेन असं बटण असेल तर ते दाबा. दुसऱ्यांदाही नापास झाला तर तो ड्राइव्ह या कामाचा नाही. रजिस्ट्रीत जाऊन त्या ड्राइव्हच्या वेगाचे आकडे हाताने वाढवायचे आणि तो पास करून घ्यायचा, अशी एक युक्ती सांगितली जाते. ती करू नका. आकडा बदलल्याने ड्राइव्ह चपळ होत नाही. एरवी बऱ्या चाललेल्या हार्ड डिस्कच्या वाटेत तुम्ही एक मंद ड्राइव्ह आणून ठेवलेला असतो, आणि संगणक आधीपेक्षा हळू होतो.

*सरकपट्टी ४ जीबीच्या पुढे जात नाही.* ड्राइव्ह अजून फॅट३२ मध्ये आहे. टप्पा ५ कडे परत जा. विंडोज व्हिस्टा असेल तर मात्र मर्यादा तेवढीच आहे.

*लॅपटॉप झोपेतून उठला की ड्राइव्ह गायब असतो.* पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून पाहा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल.

*ड्राइव्ह गरम होतो.* कोमट लागणं ठीक आहे. हात लावणं नको वाटण्याइतका तापत असेल तर तो काढा आणि दुसरा वापरा.

टप्पा १०: बंद करणं आणि ड्राइव्ह काढणं

चालू असताना ड्राइव्ह निघाला तर कामातल्या फाइल्स जात नाहीत. विंडोज मुकाट्याने हार्ड डिस्ककडे वळतं, फक्त काही वेळ संगणक जड चालतो. तरी मुद्दाम काढायचा असेल तेव्हा क्रम पाळा, कारण त्याच ड्राइव्हवर तुमच्या दुसऱ्या फाइल्स असतील तर त्यांना धोका पोचू शकतो.

१. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये रेडीबूस्ट टॅबवर जा आणि पहिला पर्याय, डू नॉट यूज धिस डिव्हाइस, निवडा.
२. अप्लाय दाबा आणि एसएफकॅश फाइल नाहीशी होईपर्यंत थांबा.
३. घड्याळाशेजारच्या चिन्हातून सेफली रिमूव्ह हार्डवेअर निवडा.
४. काढायला हरकत नाही असा संदेश आल्यावरच ड्राइव्ह ओढा.

ड्राइव्ह न विचारता काढला आणि दुसऱ्या संगणकात लावल्यावर ती कॅश फाइल अजून तिथेच दिसली, तर ती बेलाशक पुसा. तिच्यात मूळ असं काहीच नसतं. हाच ड्राइव्ह टीव्हीला किंवा गाडीतल्या यंत्राला लावायचा असेल, तर काही यंत्रांना एनटीएफएस वाचता येत नाही. त्यासाठी तो पुन्हा फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि एक लहान फाइल टाकून ती त्या यंत्रावर उघडते का ते पाहा.